आधी सांधा, मग खडा : नावाहो जडावाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या नावाहो लोकांच्या चांदीतल्या जडावावर छोटं टिपण होतं. त्यावर कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी आणि आसपासच्या गावांहून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : भाचीने फिनिक्सहून चांदीचं उघडं कडं पाठवलंय. निळे, लाल, काळे, पांढरे तुकडे एकमेकांना चिकटून बसवलेत. ती म्हणते नावाहो, पण पावतीवर दुकानदाराने 'झुनी' लिहिलंय. खरं कोणाचं? (राजारामपुरी)

झुनी ही नावाहोंची शेजारची जमात. पावतीवर कारागिराचं नाव आहे का ते आधी बघा. नुसतं 'झुनी' किंवा नुसतं 'नावाहो' लिहिलेली पावती म्हणजे गावाचं नाव असलेला आणि खातेदाराचं नाव नसलेला सातबारा. कड्याच्या आतल्या बाजूला ठोकलेली अक्षरं किंवा एखादं चिन्ह असेल, तर त्याचा जवळून फोटो काढा आणि भाचीला त्याच दुकानात परत पाठवून नाव लिहून मागायला सांगा. प्रामाणिक दुकानदार ते देतो.

नक्षीवरून जमात ठरवणं जोखमीचं असतं, कारण दोघांचं चांदीकाम एकाच घरातून निघालेलं आहे. नावाहो लोक धातुकाम मेक्सिकन कारागिरांकडून शिकले, आणि परंपरेने पहिल्या कारागिराचा मान आत्सिदी सानी यांना दिला जातो. 1864 ते 1868 या काळात अमेरिकी सैन्याने नावाहोंना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला डांबून ठेवलं होतं. तिथून सुटून परतल्यावर हे काम वाढलं. 1872 च्या सुमारास आत्सिदी चोन या नावाहो कारागिराने ते शेजारच्या झुनी गावात नेलं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. नावाहोंनी चांदी जड ठेवली, तिच्यावर ठसे मारले आणि मधोमध एखादा मोठा पिरोजा (टर्कॉइज) बसवला. झुनींचा हात मुळातच खडे कापण्यात बसलेला, त्यामुळे त्यांनी लहान लहान तुकड्यांचं काम वाढवलं. चांदीच्या खणांत तुकडे बसवायची रीत आधी झुनीत रुजली आणि मग नावाहोंनी उचलली. आज न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावच्या पेठेत दोन्ही जमातींचं जडाव एकाच काचेखाली मांडलेलं असतं.

आता प्रकार. चांदीच्या पातळ पट्ट्या उभ्या झाळून (वितळत्या धातूने जोडून) खण पाडतात, प्रत्येक खणात एकेक तुकडा बसवतात आणि वरचा भाग एका पातळीत घासतात. याला 'चॅनल' म्हणतात. मध्ये चांदी न ठेवता तुकड्याला तुकडा भिडवला तर 'स्टोन-टू-स्टोन'. तुमचं कडं वर्णनावरून यातलं दिसतं. प्रत्येक तुकड्याचा माथा वेगळा गोल करून ओळीने बसवला की मक्याच्या कणसासारखं दिसतं. त्याला 'कॉर्नरो' म्हणतात, आणि नावाहोंमध्ये ही रीत विशेष जोरात आहे. ली आणि रेमंड याझी या नावाहो भावांचं काम ज्यांनी फोटोत तरी पाहिलंय, त्यांना तुकड्यांच्या उंचीचा खेळ काय असतो ते कळेल. न्यूयॉर्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियनमध्ये 2014 मध्ये याझी घराण्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. 'चिप इनले' ही सगळ्यांत सोपी रीत. चांदीत खळगा ठेवायचा, त्यात पिरोजा-पोवळ्याचा चुरा चिकट्यात कालवून भरायचा आणि घासून सपाट करायचा. टॉमी सिंगर या नावाहो कारागिराचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तेही अस्सल हातकामच, पण तुकडा कापून बसवलेल्या कामाच्या भावात ते कोणी देऊ लागलं तर घेऊ नका.

रंगांबद्दल एक. नावाहोंच्या चार पवित्र पर्वतांना चार रत्नं आहेत : पूर्वेला पांढरा शिंपला, दक्षिणेला पिरोजा, पश्चिमेला अ‍ॅबलोनी शिंपला, उत्तरेला जेट हा काळा खडा. त्यामुळे ही चौकडी जडावात वारंवार दिसते. तुमच्या कड्यातला लाल म्हणजे पोवळं किंवा काटेरी शिंपला असावा. मात्र हे रंग नकली माल काढणाऱ्या मनिलातल्या कारखान्यालाही ठाऊक आहेत, तेव्हा रंग हा पुरावा नव्हे.

प्रश्न : ऑनलाइन 1,800 रुपयांना पेंडंट घेतलं. वर्णनात 'नेटिव्ह अमेरिकन स्टाइल, जेन्युइन टर्कॉइज'. गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) टंच काढला तर 92.5 आला. म्हणजे खरं ना? (शाहूपुरी)

चांदी खरी. बाकी काहीच सिद्ध झालेलं नाही. टंच हा धातूचा दाखला असतो, हाताचा नव्हे, आणि वर्णनातला 'स्टाइल' हा शब्द विक्रेत्याने पळवाट म्हणून ठेवलेला आहे.

अमेरिकेत 1990 चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स अ‍ॅक्ट आहे. मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य नसलेल्याने केलेली वस्तू त्या जमातीची म्हणून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. फिलिपिन्समध्ये बनवून घेतलेला माल अस्सल म्हणून विकणाऱ्या न्यू मेक्सिकोतल्या एका व्यापाऱ्याला 2018 मध्ये 6 महिन्यांची शिक्षा झाली. बाहेरून आणलेल्या या धाटणीच्या दागिन्यावर कुठल्या देशात बनला ते पुसलं जाणार नाही असं उमटवायचा नियमही तिथे आहे. म्हणून पाठीमागे एखादा चौकोन वेगळाच घासून चकचकीत केलेला दिसला, तर तिथे काय होतं हा प्रश्न मनात यायला हवा. 'नावाहो-मेड' आणि कारागिराचं नाव बिलावर लिहून द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्यानेच तुम्हाला उत्तर दिलेलं आहे.

वस्तू हातात असेल तर दहापट भिंग घ्या. गुजरीत 300-400 रुपयांत मिळतं ते चालेल. खडा सगळ्यांत शेवटी बघा. आधी चांदीच्या भिंती जिथे एकमेकींना भेटतात ते कोपरे बघा. हातकामात तिथे झाळेची बारीक रेघ सापडते, कोपरा टोकदार असतो आणि दोन खण तंतोतंत एका मापाचे नसतात. ओतीव मालात कोपरे गोलसर असतात, चांदीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि खण छापल्यासारखे एकसारखे असतात. मग खडा आणि भिंतीमधली फट. चांगल्या कामात केसाएवढी रेघ, तीही जेमतेम. स्वस्त कामात काळा किंवा निळा रंग कालवलेला चिकटा भरून फट बुजवलेली असते. अतिनील टॉर्चखाली हा चिकटा बहुधा निळसर पांढरा उजळतो. शेवटी पाठ. पाठीवर कानशीचे थोडे वळ दिसणं चांगलं लक्षण आहे.

खड्यांत प्रतवारी आहे आणि फसवणूक तिथेच जास्त होते. नैसर्गिक पिरोजा म्हणजे फक्त कापलेला आणि पॉलिश केलेला. 'स्टॅबिलाइझ्ड' म्हणजे भुसभुशीत पिरोजात दाबाखाली राळ मुरवून कठीण केलेला. जडावात हा सर्रास वापरतात आणि तो लाजिरवाणा नाही, कारण पातळ तुकडा न फुटता कापता येतो. 'रीकॉन्स्टिट्यूटेड' म्हणजे चुरा आणि राळ एकत्र दाबून केलेली वडी. 'ब्लॉक' म्हणजे रंगवलेलं प्लास्टिकच, त्यात पिरोजा औषधालाही नसतो. त्यानंतर पिरोजासारखे निळे रंगवलेले हाउलाइट आणि मॅग्नेसाइट हे पांढरे दगड. पिरोजाची कठीणता (मोह्सच्या 1 ते 10 या मापावर) 5 ते 6, हाउलाइटची साडेतीन, म्हणून हाउलाइटच्या कडा लवकर झिजून बोथट होतात. सगळ्या खणांत निळा रंग अगदी सारखा असेल तर संशय घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. अ‍ॅरिझोनातल्या ग्लोबजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा पिरोजा असाच एकजीव आकाशी असायचा आणि जडाववाल्यांना तो म्हणूनच प्रिय होता. तिथे 2012 पासून पिरोजा काढणं बंद आहे. आज नव्या, स्वस्त वस्तूला कोणी 'स्लीपिंग ब्यूटी' म्हणू लागला तर हसून पुढे जा.

तापलेली सुई, नेलपॉलिश रिमूव्हर, कसोटीचं तेजाब हे प्रकार तयार जडावावर करू नका. सुईने डाग पडतो, रिमूव्हर चिकट्यात शिरतो, आणि तेजाबाचा थेंब पोवळ्यावर किंवा शिंपल्यावर पडला तर तिथल्या तिथे फेसाळून तुकडा खड्डा पडून बसतो. टंच काढायचाच तर मशीनवर, पाठीच्या बाजूने. मशीन फक्त वरचा थर वाचतं, एवढं सराफालाही माहीत असतं आणि तुम्हालाही असू द्या.

प्रश्न : आम्ही पैंजण, करदोडे करतो. पत्रा, झाळ, पॉलिश सगळं येतं. चॅनल जडावाचं एक पेंडंट करून बघायचंय. कृती द्याल का? (हुपरी)

तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं निम्मं दगडाचं, आणि घाई तिथेच नडते. 40 बाय 25 मिलिमीटरच्या पेंडंटसाठी सांगतो.

तळाला 925 चांदीचा 0.8 मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. भिंतींसाठी 0.5 मिलिमीटर जाड आणि 3 मिलिमीटर उंच पट्टी. पहिल्या खेपेला खण 6 ते 8 पुरे, आणि सगळ्या रेषा सरळ ठेवा. वळणदार खणात दगड बसवणं दुसऱ्या वर्षाचं काम. तळ नरम करून लोखंडी ठोकळ्यावर सपाट करा. पट्टीची खालची धार काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या. पट्टी आणि तळ यांच्यामधून उजेड दिसला तर झाळ तिथे धावणार नाही, ओढून धावली तरी पुढे भिंत सुटेल.

झाळ तीन प्रतींची ठेवा. बाहेरची भिंत कठीण झाळेने, साधारण 790 अंशांवर वितळणाऱ्या. आतल्या आडव्या भिंती मध्यम झाळेने, 745 च्या आसपास. कडी शेवटी मऊ झाळेने, 720 च्या आसपास. क्रम उलटा झाला की दुसऱ्या आचेत पहिले सांधे सुटतात. कॅडमियमवाली झाळ वापरू नका. तिचा धूर फुप्फुसं खातो, आणि खणांच्या कामात तोंड ज्वाळेच्या फार जवळ जातं. टाकणखार सगळीकडे लावा, पण झाळेचे कण बारीक, भिंतीच्या एकाच बाजूला. खणात झाळेचं डबकं झालं तर दगडाचा तळ टेकत नाही आणि तो हलत राहतो. भिंती काटकोनात उभ्या हव्यात. आत झुकलेल्या भिंतीत दगड शिरत नाही. बाहेर झुकलेल्या भिंतीत दगड झकास बसतो, पण वरच्या तोंडाशी फट राहते. दुसरी चूक वाईट, कारण ती उशिरा कळते.

कडीसकट सगळी झाळ, आणि काळसर करायची असेल तर तीही, दगड बसवायच्या आधी उरकायची. दगड बसल्यावर वस्तूला ज्वाळा लागता कामा नये. झाळेनंतर सफाईसाठीच्या आम्लाच्या पाण्यातून काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा आणि दिव्याच्या उबेत पूर्ण वाळवा. कोपऱ्यात आम्ल राहिलं की काही महिन्यांनी पिरोजाखाली हिरवट फूल येतं.

आता दगड. जयपूरच्या बाजारातून पिरोजा, लाजवर्द, मोतीशिंपला साडेतीन ते 4 मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत मागवा. पहिला प्रयोग स्टॅबिलाइझ्ड पिरोजावर करा. मॅलाकाइट सध्या नको. तो तांब्याचा दगड आहे, त्याची पूड विषारी, आणि मऊ असल्याने घासताना खोल जातो. दगड नेहमी पाण्याखाली घासा आणि तोंडाला चांगला मास्क ठेवा, शिंपल्याची पूडही छातीला बरी नव्हे. खणाचा आकार पातळ कागदावर उतरवून चकतीवर चिकटवा. रेषेच्या किंचित बाहेर कापा, मग शंभर नंबरच्या (खरखरीत) चाकावर आणि त्यानंतर दोनशेवीसच्या चाकावर थोडं थोडं घासत खणात घालून बघा. तुकडा बोटाने दाबल्यावर जावा आणि वस्तू उलटी केली तर पडू नये. तळाच्या कडेला अगदी हलका उतार द्या, म्हणजे चिकट्याला बसायला जागा मिळते. माथा भिंतीच्या वर अर्धा मिलिमीटर उरू द्या. कमी उरला तर घासून भिंत खाली आणावी लागते आणि सगळ्या खणांचा मेळ बिघडतो.

चिकटा दोन भागांचा (इपॉक्सी), सावकाश बसणारा घ्या. पाच मिनिटांवाला नको. तो ठिसूळ बसतो आणि बुडबुडे बाहेर पडायच्या आत घट्ट होतो. खणाचा तळ दीडशेच्या पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा आणि नंतर आत बोट लावू नका. दोन्ही भाग पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मोजून घ्या. डोळ्यांनी घेतलेलं माप बहुतेकदा बरोबर नसतं, आणि मग चिकटा आठवडाभर लोण्यासारखा राहतो. 24 तास ठेवा. पावसाळ्यात 36.

घासणं. काचेवर किंवा लोखंडी पाटावर पेपर ठेवून 220, 400, 600, 1200 असं पाण्यात चढत जा. मऊ फेल्टवर सुरुवात केली तर हमखास बिघडतं. चांदीची कठीणता अडीच ते तीन, पोवळ्याची तीन ते चार, पिरोजाची पाच-सहा. मऊ गादीवर मऊ वस्तू आधी झिजते, पोवळं खाली बसतं, पिरोजा टेकडीसारखा वर राहतो आणि चांदी दोघांच्या मध्ये चरासारखी दिसते. प्रत्येक पेपर बदलताना वस्तू धुवा. नाही धुतलं तर चांदीचा काळा पांढऱ्या शिंपल्यात भरतो आणि तो पुन्हा निघत नाही. शेवटचं पॉलिश कातडी चाकावर, सावकाश. वस्तू बोटांत धरवेनाशी तापली की थांबा, कारण आत चिकटा मऊ व्हायला लागलेला असतो.

एक सांगायला हवं. हे शिकून विकायचं असेल तर 'हुपरी जडाव' म्हणून विका. 'नावाहो' हे नाव लावू नका. त्यांच्या विधींतल्या देवप्रतिमांची नक्कल तर अजिबात नको. तुमच्याकडे मोर, कैरी, कोयरी, चंद्रकोर एवढं पडलेलं असताना गरजही नाही.

प्रश्न : सासूबाईंनी वापरलेल्या अंगठीतला पिरोजा हिरवा पडलाय. पुन्हा निळा होईल का? (इचलकरंजी)

नाही. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, घाम, अत्तर, साबण पितो आणि निळ्यावरून हिरव्याकडे जातो. तो निळा करण्याच्या नावाखाली जे करतात ते रंगवणं असतं. मात्र एक चांगली बातमी आहे : असा बदललेला खडा बहुधा राळ न मुरवलेला, नैसर्गिक असतो.

पुढचं बिघडू नये म्हणून : डोक्याला तेल लावताना, स्वयंपाकात आणि हळदी-कुंकवाच्या वेळी अंगठी काढा. शिंपल्यावरचा हळदीचा डाग कायमचा. साफसफाईला ओलसर, मग कोरडा मऊ सुती कपडा, एवढंच. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, देवाची भांडी घासायची पावडर, चांदी बुडवून साफ करायचं द्रावण आणि सराफाकडचं कंपनांचं मशीन, यांतलं काहीही जडावाला चालत नाही. चिंचेचं आम्ल पोवळ्याला खातं आणि मशीन चिकटा सैल करतं. चांदी काळी पडली असेल तर चांदी पुसायचा खास कपडा फक्त चांदीवर फिरवा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात दागिना हवाबंद पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची एक पुडी. वस्तूत ओपल असेल तर पुडी नको, फार कोरडेपणाने ओपल तडकतो. लोकरीच्या कपड्यात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका. दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

प्रश्न : जडावाची अंगठी घट्ट होते. गुजरीत तीन ठिकाणी वाढवून द्यायला नाही म्हणाले. (मंगळवार पेठ)

तिघेही बरोबर होते. अंगठी वाढवायला कापून तुकडा झाळावा लागतो. त्या आचेत चिकटा जळतो, पिरोजा पांढुरका पडतो किंवा फुटतो. ताणून वाढवली तर खण वाकतात आणि तुकडे उडतात. फक्त पुढच्या भागात जडाव असेल आणि मागची पट्टी साधी असेल, तर लेझरने जोडणारा कारागीर मागून अर्धं-एक माप वाढवून देऊ शकतो. जडाव पूर्ण गोल फिरलेला असेल तर साखळीत घालून गळ्यात घाला.

प्रश्न : कड्यातला एक तुकडा निखळला. तुकडा हरवलेला नाही. फेव्हिक्विकने बसवू? (कागल)

नको. झटपट चिकटे काचेसारखे ठिसूळ बसतात, कडं जरा वाकलं की पुन्हा सुटतात आणि कडेवर पांढरी धूळ सोडतात. तुकडा डबीत ठेवा. खणातला जुना चिकटा लाकडी दातकोरणीने, लागला तरच पितळी टोकाने खरवडा. पोलादी टोक नको, पिरोजावर चरा पडतो. स्पिरिटमध्ये जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसा, दोन भागांचा सावकाश चिकटा टाचणीच्या टोकाने अगदी थोडा लावा, तुकडा बसवून वर सेलोटेपने बांधा. बाहेर आलेला चिकटा अर्ध्या तासाने, जेव्हा तो रबरासारखा होतो, तेव्हा लाकडी काडीने काढा. एक दिवस तसंच राहू द्या. आणि तुकडा का निघाला ते शोधा. बहुतेक वेळा कडं घालताना तोंड फाकवलेलं असतं.

प्रश्न : पिरोजा धनु राशीला चालतो का? (गांधीनगर)

राशीचं हे सदर नाही. ज्यांना विचाराल त्यांना खडा राळ मुरवलेला आहे की नाही, हे मात्र आधी सांगा.

प्रश्न : तिकडे एका पेंडंटला 600 डॉलर सांगितले. चांदी फार तर 20 ग्रॅम. घडणावळ एवढी कशी? सुरुवात कशापासून करावी? (ताराबाई पार्क)

गुजरीचा हिशेब इथे लावू नका. ग्रॅमवर भाव आणि वर घडणावळ, हे साज-ठुशीला ठीक. जडावात चांदी हा पाटीतला सर्वांत स्वस्त माल. पंधरा खणांच्या चांगल्या पेंडंटमध्ये पंधरा तुकडे, प्रत्येक तुकडा आठ-दहा वेळा खणात घालून बघितलेला, म्हणजे एकशेवीस ते दीडशे वेळा चाकावर धरलेलं काम. भाव त्या वेळांचा आणि कारागिराच्या नावाचा असतो.

सुरुवात एका छोट्या, नाव ठोकलेल्या, एका-दोन रंगांच्या चॅनल कामापासून करा. सात रंगांचं मोठं कडं पहिल्यांदा घेऊ नका. रंगांच्या गर्दीत खराब सांधे लपतात. 'ओल्ड पॉन' म्हणजे गहाण ठेवून न सोडवलेले जुने दागिने. या नावाखाली नवा माल पुष्कळ विकतात, तेव्हा पहिल्या पाच वर्षांत त्या वाटेला जाऊ नका. तिकडे कोणी जात असेल तर ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या सांता फेचा इंडियन मार्केट भरतो, 1922 पासून चालत आलेला. तिथे कारागीर स्वतः बसतो. त्याला 'खडा नैसर्गिक की स्टॅबिलाइझ्ड, भिंती झाळलेल्या की ओतलेल्या' एवढंच विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

प्रत्येक वस्तूची एक वही ठेवा : खरेदीची तारीख, कारागीर, जमात, ग्रॅममध्ये वजन, खड्यांबद्दल विक्रेत्याने लिहून दिलेलं, पुढचा आणि पाठीचा फोटो शेजारी पट्टी ठेवून. पाठीच्या फोटोचा कंटाळा करू नका. उद्या विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी तोच मागेल. वस्तू परदेशातून कुरिअरने मागवत असाल तर मागवण्यापूर्वी चांदीच्या दागिन्यांवरचा त्या वेळचा सीमाशुल्काचा दर आणि आयातीचे नियम कस्टम्स दलालाला विचारा. दर बदलत राहतात, आणि अडकलेलं पार्सल सोडवायला वस्तूपेक्षा जास्त धावपळ होते.

प्रश्न : मला पाटल्या 2.6 बसतात. कड्याचं माप काय सांगू? (उत्तरेश्वर पेठ)

ते माप इथे निरुपयोगी. 2.6 म्हणजे बंद बांगडीचा आतला व्यास, दोन आणि सहा सोळांश इंच. ती पंजावरून सरकावी लागते. उघडं कडं मनगटावर बसतं, म्हणून मापही मनगटाचं. मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, कोपराच्या बाजूला, शिवणाची टेप सैल न ठेवता फिरवा. 6 इंच आलं तर आतला एकूण घेर, तोंडाच्या फटीसकट, 6 इंच सांगा. त्यात फट एक ते सव्वा इंच आणि उरलेली चांदी. घालताना एक टोक मनगटाच्या बाजूने, हाड नसलेल्या मऊ जागेतून आधी सरकवा, मग कडं फिरवा. फाकवू नका. आवळूही नका. एक इंचाची फट घालायला कमी पडत असेल तर विकत घेण्याआधीच सव्वा इंचाचं मागा.